चीज क्रॅकर्सचा एक डबा आणि घरात चार डाएट, नक्की कोणाला काय चालतं?

मीनल_एडिसन
नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचते, आज धागा काढतेय, विषय फालतू वाटला तर सांभाळून घ्या. आमच्याकडे सध्या माणसं चार आणि डाएटही चार. नवरा केटोवर (कार्ब जवळजवळ बंद), मी दीक्षित (दिवसातून दोनदाच जेवण), सासूबाई पुण्याहून इकडे अमेरिकेत आल्यात त्यांना बीपी आणि थोडी शुगर, शिवाय चातुर्मासात कांदालसूण बंद, आणि लेक तीन वर्षांचा, तो डेकेअरमधून गोल्डफिश गोल्डफिश (माशाच्या आकाराचे चीज क्रॅकर) करतच घरी येतो. आणि पॅन्ट्रीत चीझ-इट या चौकोनी चीज क्रॅकर्सचा मोठा डबा, येताजाता सगळ्यांचाच हात त्यात जातो आणि प्रत्येकाकडे आपापलं कारण तयार. नवरा म्हणतो चीज आहे ना, मग केटोला चालतं. सासूबाई म्हणतात गोड नाही, तळलेलं नाही, मग शुगरला काय होतंय. मी म्हणते जेवणाच्या ताटात घेतलं तर चालायला हवं. तर हे नक्की कुठल्या डाएटमध्ये बसतं ते सांगा. "पॅकेटमधलं काही खाऊच नका" हे उत्तर माहितीये, ते सोडून बोला.

पुणेरी_पाटी
पॅकेटमधलं काही खाऊच नका.
चला, ते झालं. आता बाकीच्यांनी बोला.

लेबल_वाचतो
मी काही वर्षं बिस्किटांच्या प्लांटवर क्वालिटीला होतो म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर खाली सरका.
डबा उलटा करून घटक वाचा. जे वजनाने जास्त ते आधी, हा नियम अमेरिकेतही आहे आणि भारतातही. चीझ-इट ओरिजिनलवर पहिला नंबर एनरिच्ड फ्लोअरचा, म्हणजे जीवनसत्त्वं आणि लोह घातलेला मैदा. दुसरं तेल, सोयाबीन पाम वगैरे, त्यात खवट होऊ नये म्हणून टीबीएचक्यू (अमेरिकेत ते तेलाच्या ०.०२ टक्क्यांपर्यंतच घालता येतं, त्यामुळे त्यावरून जे व्हॉट्सअॅप फिरतात ते जरा बेतानेच घ्या). तिसऱ्या नंबरवर चीज, तेही स्किम मिल्कचं. मग मीठ, पॅप्रिका, यीस्ट, सोया लेसिथिन असं किरकोळ. तो केशरी रंग पॅप्रिकाचा आणि शेंद्रीच्या बियांचा.
आता आकडे. ३० ग्रॅमची सर्व्हिंग म्हणजे २७ क्रॅकर. त्यात १५० कॅलरी, ८ ग्रॅम फॅट, १७ ग्रॅम कार्ब, ३ ग्रॅम प्रोटीन, २३० मिलिग्रॅम सोडियम, फायबर एक ग्रॅमसुद्धा नाही. गुणाकार केला की दिसतं, जवळजवळ निम्म्या कॅलरी तेलाच्या आणि उरलेल्या बहुतेक मैद्याच्या. म्हणजे लो-फॅटवाल्याला फॅट जास्त आणि लो-कार्बवाल्याला कार्ब जास्त, दोघांच्याही दारातून परत. चीज यात भेळेवरच्या शेवेइतकं, नाव मात्र त्याचंच.
आणि जास्त चीज का घालत नाहीत? एकतर महाग. दुसरं म्हणजे अशा क्रॅकरमध्ये चीज पिठातच मळतात, ते प्रमाणाबाहेर गेलं की पीठ चिकट होतं, शीट ओढली की फाटते, आणि भट्टीत आतून वाळायच्या आधी कडा करपतात. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक भोक असतं बघा, ते शोभेचं नाही, वाफ तिथून निघाली नाही तर तो फुगतो, आणि फुगलेले क्रॅकर पॅकिंगला गेले की आमच्या शिफ्टवाल्यांची बोलणी खायची वेळ.

भटकभवानी
२७ मोजून कोण खातं हो??? मी एकदा किचनच्या काट्यावर वाटी ठेवून आमच्या ह्यांना म्हटलं नेहमीसारखे घे, वाटी काठोकाठ भरली तेव्हा काटा सत्तरच्या पुढे होता. म्हणजे त्याचं "थोडेसे" हे साडेतीनशे कॅलरीला जातं आणि वर चहा वेगळा.

मोजून_मापून
@भटकभवानी, हाच खरा मुद्दा आहे. साधा १२.४ औंसाचा डबा म्हणजे साधारण ३५० ग्रॅम, बारा सर्व्हिंग. आख्खा डबा साडेसतराशे कॅलरी. मॅच बघता बघता अर्धा डबा संपवणारी माणसं मी पाहिलीत, त्यांना विचारलं तर म्हणतात आज जेवलो नाही विशेष.
मी कॅलरी मोजणाऱ्या पंथाचा. आमच्यात कशालाच बंदी नाही, हिशोबात बसवा आणि खा. त्यामुळे मीनलताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर हे क्रॅकर फक्त आमच्यात बसतात. पण हिशोबात बसणं आणि हिशोबाला परवडणं वेगळं. १५० कॅलरी खर्चून ३ ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि तासाभरात पोटात परत खड्डा. तेवढ्याच वजनाचे फुटाणे घेतले तर कॅलरी कमी, प्रोटीन सहाएक ग्रॅम आणि फायबर वर. नाहीतर सरळ ३० ग्रॅम चेडरचा तुकडा खा, १२० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रोटीन. चीज खायची हौस असेल तर चीज खावं, चीजच्या नावाचा मैदा कशाला.

केटोचा_भाऊ
मीनलताई, तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि डबा लपवा. केटोवर दिवसाला २० ते ५० ग्रॅम कार्ब. स्ट्रिक्ट असतील तर २० पकडा. २७ क्रॅकरमध्ये १७ गेले, उरले तीन, त्या तिनात दिवसभराच्या भाज्या कशा बसवणार? "चीज आहे ना" हे आमच्या पंथातलं सगळ्यात जुनं फसणं आहे.
एक गंमत सांगतो. चीझ-इट ओहायोतल्या डेटनला १९२१ मध्ये निघालं. आणि केटो डाएट हे नाव मायो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डरनी मांडलं तेही १९२१ मध्येच, एपिलेप्सीच्या पेशंटसाठी. दोघं एका वर्षाचे, आणि शंभर वर्षं झाली तरी पत्रिका काही जुळत नाही.
पर्याय आहेत. निव्वळ चीज भाजून कुरकुरीत केलेले पार्मेजान क्रिस्प मिळतात, कार्ब एक-दोन ग्रॅम, प्रोटीन दहाच्या वर. महाग पडतात म्हणून मी घरी करतो. चांगल्या चेडरचा पातळ काप घ्यायचा, टपाल तिकिटाएवढे चौकोन करायचे, पार्चमेंट पेपरवर एकमेकांपासून लांब ठेवायचे (फुगून पसरतात) आणि मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट, मग बघत बघत दहा-दहा सेकंद. कडा सोनेरी झाल्या की बाहेर. गरम असताना मऊ लागतात, गार झाल्यावर कडकडीत होतात, त्यामुळे घाई नको. प्रोसेस्ड स्लाइस घेऊ नका, त्याचा पापड होण्याऐवजी रबर होतं.
आणि हो, पाकिटावर "नेट कार्ब २ ग्रॅम" असं मोठ्ठं लिहिलं असेल तर मागची बाजू वाचा. नेट कार्बची (एकूण कार्ब वजा फायबर वगैरे) एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने, व्याख्याच केलेली नाही, जो तो आपापल्या सोयीने वजाबाकी करतो.

शाकाहारी_बे_एरिया
थांबा थांबा. पार्मेजान क्रिस्प सुचवताय आणि एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. खरं इटालियन पार्मिजानो रेजियानो हे वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय (दुधाचं दही जमवणारं एन्झाइम) बनतच नाही, त्यांच्या नियमातच ते आहे. ग्राना पडानोचंही तेच. मीनलताईंच्या घरी सासूबाई शाकाहारी असतील तर हे आधी बघा.
इथे अमेरिकेत हिरवा ठिपका नसतो. क्रॅकरच्या लेबलवर नुसतं "एन्झाइम्स" लिहिलेलं असतं, ते प्राण्याचं की सूक्ष्मजीवांचं हे सांगायची सक्ती नाही. अमेरिकेतलं बहुतेक चीज आता फर्मेंटेशनने काढलेल्या कायमोसिनवर (रेनेटमधलंच मुख्य एन्झाइम, पण वासराशिवाय) बनतं, एफडीएने १९९० मध्ये त्याला परवानगी दिली, तेव्हा शक्यता चांगली आहे पण खात्री नाही. मी कंपनीला ईमेल करून विचारतो, काही जण उत्तर देतात, काही जण "आमचे सप्लायर बदलतात" म्हणून हात झटकतात. आणि कोशरचा (ज्यूंच्या आहारनियमांचा) शिक्का बघून निर्धास्त होऊ नका, त्याचा अर्थ शाकाहारी असा होत नाही.

पुणेरी_पाटी
म्हणजे केटोवाला मैद्यासाठी अडला आणि शाकाहारी वासरासाठी. अजून कोण राहिलं?

अर्धीवाटी_व्हेगन
आम्ही राहिलो. दुधाचं चीज, त्यात व्हे प्रोटीन. संपला विषय. काजू आणि न्यूट्रिशनल यीस्टचे क्रॅकर मिळतात, चव चीजच्या आसपास जाते पण दुधाची तहान ताकावर, आणि आमच्यात ताकही चालत नाही.

दोन_वेळा_पुरे
मीनल, मी पण दीक्षित करते, आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे तुझ्याशी स्पष्ट बोलते हं. डॉ. जिचकारांची मूळ कल्पना आणि डॉ. दीक्षितांनी ती घराघरात नेली, त्यातला गाभा काय? कडक भूक लागेल त्या दोन वेळा ओळखायच्या, ५५ मिनिटांत जेवण उरकायचं, आणि मधल्या वेळात इन्शुलिन वाढेल असं काही तोंडात टाकायचं नाही. पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा बिनदुधाचा चहा, बस. म्हणजे आपल्या प्लॅनमध्ये काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं याला महत्त्व. त्या हिशोबाने ताटात चार क्रॅकर घेतलेस तर प्लॅन मोडत नाही. पण चीझ-इट ही काय ताटात घ्यायची वस्तू आहे का? वरणभात, भाजी, कोशिंबीर आणि डाव्या बाजूला लोणच्याशेजारी क्रॅकर? ती मधल्या वेळेचीच गोष्ट आहे, आणि मधल्या वेळेला एक खाल्लास काय नि सत्तावीस खाल्लेस काय, इन्शुलिनला निमंत्रण गेलंच.

भटकभवानी
लोणच्याशेजारी क्रॅकर 😂 मी आजच वाढणारे.

ऋजुतापंथी
आमच्यात, म्हणजे ऋजुता दिवेकरवाल्यांच्यात, नेमकं उलट. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी खा, तूप खा, भात खा, पण आजीला ओळखू येईल असं खा. त्यामुळे मधल्या वेळेला हरकत नाही पण पाकिटाला आहे. मीनल, तुझ्या घरात मी एक आले असते तर पाचवं डाएट झालं असतं.

दोन_वेळा_पुरे
दर दोन तासांनी खायचं तर कामं कधी करायची?

ऋजुतापंथी
ताई तो धागा वेगळा आहे, तिथे तीनशे प्रतिसाद झालेत, इथे नको.

गोळ्याबिळ्या
फार्मसीत आहे, तेव्हा सासूबाईंबद्दल बोलतो. शुगरच्या बाबतीत "गोड नाही" याला काही अर्थ नाही. डायबेटिसच्या आहारात १५ ग्रॅम कार्बचा एक हप्ता धरतात, २७ क्रॅकर म्हणजे एक हप्ता आणि वर थोडं. एका छोट्या फुलक्याएवढं. फुलक्यात कोंडा असतो, त्याच्याबरोबर भाजी आमटी पोटात जाते, इथे नुसता मैदा, तो पटकन विरघळतो. तेव्हा खायचेच असतील तर दहा-बारा मोजून आणि बरोबर काहीतरी प्रोटीन, मूठभर शेंगदाणे म्हणा. काकडी पण चालेल. आणि त्या वेळचा फुलका कमी, दोन्ही नाही.
बीपीचं जास्त महत्त्वाचं. बीपीसाठी डॅश डाएट म्हणून जे आहे, अमेरिकेत १९९७ मध्ये त्याचा मोठा अभ्यास आला, त्यात फळं भाज्या कमी फॅटचं दूध यावर भर, आणि सोडियम २३०० मिलिग्रॅमच्या आत, जमलं तर १५००. एका सर्व्हिंगमध्ये २३०, म्हणजे १५०० धरले तर पंधरा टक्के एका वाटीत गेले. आपल्याकडे त्याच दिवशी लोणचं, पापड, आमटीतलं मीठ असतंच, ते कोणी मोजत नाही. आणि मोजून_मापून म्हणतात तसा चेडरचा तुकडा दिला तरी सोडियम जवळपास तेवढंच, दोनशेच्या आसपास. बीपीवाल्याला चीज हा सुटकेचा रस्ता नाही. बिनमिठाचे फुटाणे द्या.
अजून एक, हे जरा गंभीर आहे. घरात एकमेकांचं बघून डाएट उचलतात. शुगरच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी "ग्लिफ्लोझिन" शेपटीची गोळी चालू असेल तर मुलगा करतो म्हणून आईने केटो सुरू करू नये. शुगर फारशी वाढलेली न दिसता कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं, जिवावर बेतू शकतं) होऊ शकतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी जेवणं दोनवर आणली तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला, मग डाएट.

मीनल_एडिसन
@गोळ्याबिळ्या खूप आभार, त्यांच्या गोळ्यांची नावं आज रात्रीच बघते. बिनमिठाचे फुटाणे इंडियन स्टोअरमध्ये मिळतात का कोणाला माहितीये का? आमच्या इथे सगळे हळद-मीठ लावलेलेच दिसतात.

वाड्यातली_सून
मिळतात, "अनसॉल्टेड रोस्टेड चणा" असं लिहिलेलं असतं, सालीसकटचे घे.
मी लिहिणार होते ते चातुर्मासाबद्दल. चीझ-इट ओरिजिनलमध्ये कांदालसूण नाहीये, लेबल वाचलंय. पण गोल्डफिश चेडरमध्ये अनियन पावडर आहे आणि सेलरी पण! आमच्याकडे सासरे आषाढी ते कार्तिकी कांदालसूण पाळतात, अगदी कट्टर, आणि नातवाच्या डब्यातले मासे मात्र भक्तिभावाने खात होते. मला कळलं तेव्हा मी सांगू की नको या विचारात पडले, शेवटी सांगितलं, तर म्हणाले "मासा म्हणून सोडला होता, कांदा म्हणून आता सोडतो." फ्लेवरवाल्या डब्यांमध्ये तर कांदा लसूण हमखास असतो, जैन मंडळींनी पण प्रत्येक वेळी लेबल बघावं, एकाच ब्रँडचा एक डबा चालतो दुसरा नाही.

डॅलसची_आई
गोल्डफिशचा विषय निघालाय तर. इथे डेकेअरमध्ये ते असतातच. स्वित्झर्लंडमधल्या एका बिस्किटवाल्याची ती कल्पना, पेपरिज फार्मने १९६२ मध्ये अमेरिकेत आणली, तेव्हा म्हणे ते मोठ्यांनी ड्रिंकबरोबर खायचे होते. आता मुलांच्या कारसीटच्या फटीत राहतात.
५५ मासे म्हणजे ३० ग्रॅम, २५० मिलिग्रॅम सोडियम. १ ते ३ वर्षांच्या मुलांना दिवसाला १२०० च्या वर सोडियम जाऊ नये असं इथलं प्रमाण आहे. लहान मूल ५५ खात नाही म्हणा, पंचवीसएक खातं. त्यामुळे मी सोडियमचं इतकं डोक्यात घेत नाही, मला जास्त राग येतो तो दाताचा. आमच्या डेंटिस्टने दाखवलं, क्रॅकर चावल्यावर त्याचा लगदा दाढेच्या खाचेत बसतो आणि तासभर हलत नाही, स्टार्चची साखर होते आणि कीड लागते. चॉकलेट विरघळून जातं, हा चिकटून राहतो. म्हणून आमच्याकडे नियम एकच, मासे खाल्ले की पाणी प्यायचं, आणि झोपायच्या आधी मासे नाहीत.
डेकेअरला मी घरचा डबा द्यायचा प्रयत्न केला होता. नट-फ्री पाहिजे म्हणून शेंगदाण्याचं काहीही बंद, म्हणजे चिवडा गेला, लाडू गेला, गूळपोळीसुद्धा गेली. उरतं काय? केळं आणि मासे.

पार्ल्याचा_पाव
अवांतर: इतके प्रतिसाद झाले आणि चीजलिंग्जचं नाव नाही, निषेध. आमच्या वेळी वाढदिवस म्हणजे कागदी बशीत केक, वेफर्स, समोसा आणि चीजलिंग्ज. ते फुगीर चौकोन आधी बोटाने फोडून बघायचे आतून पोकळ आहे का. पार्ल्याला स्टेशनवर उतरलं की कारखान्याचा बिस्किटांचा वास यायचा, तो कारखाना बंद झाला २०१६ मध्ये. डाएटमध्ये कशात बसतात मला माहिती नाही, वाढदिवसात बसतात.

लेबल_वाचतो
@पार्ल्याचा_पाव, आतून पोकळ आहे म्हणून हलके वाटतात, पण ग्रॅमला कॅलरी तेवढ्याच. एक मात्र भारतातल्या पुडीचं चांगलं, ज्या घटकाची जाहिरात केलीये तो किती टक्के हे पुढे लिहावं लागतं. "चीज" असं मोठ्या अक्षरात छापलं असेल तर मागे चीजपुढे कंसात टक्के शोधा, डोळे उघडतात. अमेरिकेतल्या डब्यावर नुसता क्रम कळतो, किती ते कळत नाही.
ट्रान्स फॅटचं काही जण विचारतील म्हणून, ते दोन्हीकडे आटोक्यात आलंय. अमेरिकेत २०१८ पासून अर्धवट हायड्रोजनेट केलेलं तेल बंद, भारतात २०२२ पासून तेलातूपात २ टक्क्यांची मर्यादा. पामतेल आहेच, त्यात सॅच्युरेटेड फॅट आहे, तो वेगळा हिशोब.

पोटदुखी
मला आयबीएस आहे (आतडं सारखं कुरकुरतं), लो-फॉडमॅप करते, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं टाळायची, ती ऑस्ट्रेलियातल्या मोनाश युनिव्हर्सिटीची पद्धत. मला चीज क्रॅकर खाल्ले की पोट फुगायचं आणि मी इतके दिवस बिचाऱ्या चीजला शिव्या देत होते. डाएटिशियन म्हणाली चेडर मुरताना त्यातला लॅक्टोज जवळपास संपतो, चीजने काही होत नाहीये, गव्हातल्या फ्रुक्टॅनने (तसंच एक कर्बोदक) होतंय. आता चेडर तांदळाच्या क्रॅकरवर ठेवून खाते, पोट शांत. दूध पचत नाही म्हणून ज्यांनी चीज सोडलंय त्यांनी एकदा बघा विचारून.

विद्यापीठातला_बेंच
हे सगळं कॅलरी, कार्ब, ग्रॅम ठीक आहे पण मला वाटतं प्रश्न दुसरीकडे आहे. ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंटेरोंच्या गटाने अन्नावर किती प्रक्रिया झाली त्यावरून नोव्हा वर्गवारी केली, त्यात साधं चेडर तिसऱ्या गटात, प्रोसेस्ड, आणि हे क्रॅकर चौथ्या गटात, अल्ट्राप्रोसेस्ड. त्यावर केविन हॉल यांनी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत २० माणसांना ठेवून प्रयोग केला, २०१९ मध्ये आला. दोन आठवडे अल्ट्राप्रोसेस्ड जेवण, दोन आठवडे साधं, दोन्हीत साखर, फॅट, मीठ, फायबर सारखंच वाढलेलं, आणि हवं तेवढं खा म्हणून मोकळीक. अल्ट्राप्रोसेस्डवर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि खाण्याचा वेगही जास्त होता. चावायला काही नसतं, पोटाला कळायच्या आत वाटी संपते. भटकभवानींच्या काट्याने तेच दाखवलं.

मोजून_मापून
प्रयोग चांगलाय, पण २० माणसं आणि दोन आठवडे, त्यावरून सगळ्या पाकिटांना एकाच माळेत ओवू नका. गव्हाचा पॅकेटबंद ब्रेडही त्याच चौथ्या गटात जातो. मी तोंडाला कुलूप लावत नाही, वाटीला लावतो. डबा वर ठेवायचा, छोटी वाटी भरून घ्यायची, डबा बंद करून परत वर. डब्यातून थेट खायचं नाही, एवढंच.

कोकणातली_मावशी
अगो मीनल, एवढी डोकेफोड कशाला, नाचणीचे कर घरी. एक वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी किसलेलं चीज, दोन चमचे लोणी, तिखट, ओवा, मीठ अगदी जपून कारण चीजमध्ये आहेच. पाणी घालून घट्ट मळायचं, नाचणी लाटताना चिरते म्हणून दोन प्लास्टिकच्या मधे लाटायचं, कापायचे, काट्याने टोचायचे आणि ओव्हनला १७० डिग्री सेल्सियसवर पंधरा-वीस मिनिटं. नाचणीचा रंग काळपट असतो त्यामुळे झाले की नाही हे रंगावरून कळत नाही, एक काढून गार करून मोडून बघायचा, टचकन मोडला की झाले. पोरगो खाता की नाय बघ.

केटोचा_भाऊ
मावशी, पाककृती झक्कास, पण नाचणीतही शंभर ग्रॅमला सत्तरएक ग्रॅम कार्ब आहेत. केटोला गहू काय नि नाचणी काय. हेल्दी आहे म्हणजे लो-कार्ब आहे असं नाही.

कोकणातली_मावशी
तुका कोणी खा म्हटला? मी बायाला आणि तिच्या सासूला सांगतेय. तू तुझं चीज मायक्रोवेव्हमध्ये घाल.

समुद्राकाठी
मेडिटेरेनियनवाले इथे कोणीच नाही म्हणून हजेरी लावते. बसत नाही. पाकिटावर "मेड विथ ऑलिव्ह ऑइल" लिहिलं तरी घटकांत ऑलिव्ह ऑइल कितव्या नंबरला आहे ते बघा, बहुतेक वेळा मिठाच्या आसपास.

गव्हाशी_वैर
मावशी, तुमचे क्रॅकर माझ्या मुलीसाठी करणार होते, तिला सिलिअॅक आहे (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते). नाचणीत ग्लुटेन नाही हे माहितीये. पण मी डोंबिवलीला असते, नाचणी गिरणीतून दळून आणते आणि तिथे तर दिवसभर गहूच दळतात. चालेल का? इंडियात ग्लुटेन-फ्री चीज क्रॅकर मिळतात ते तांदळाचे, पाकीट एवढंसं आणि किंमत बघून पोटात गोळा येतो.

गोळ्याबिळ्या
गिरणीतली नाचणी सिलिअॅकला नको. ग्लुटेन-फ्रीची मर्यादा २० पीपीएम आहे, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम, आणि गिरणीच्या दगडात, सुपात, कापडी पिशवीत आधीच्या गव्हाचं पीठ त्याहून कितीतरी जास्त राहतं. "आधी थोडे तांदूळ दळून मग तुमचं दळतो" असं गिरणीवाला म्हणेल, त्याने पुरत नाही. एकतर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं सीलबंद नाचणीचं पीठ घ्या, नाहीतर घरगुती आटाचक्की, पण मग त्या चक्कीत गहू कधीच नाही. घरी अख्खी नाचणी निवडताना गव्हाचे दाणे दिसतात का तेही बघा. आणि किसलेलं चीज पाकिटातलं असेल तर त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय घातलंय ते वाचा, शक्यतो क्यूब आणून घरी किसा. पोळपाट-लाटणं वेगळं ठेवता का तुम्ही?

गव्हाशी_वैर
पोळपाट वेगळा आहे, लाटणं एकच होतं, स्टीलचं, घासून वापरत होतो. आता तेही वेगळं आणते. मावशी, लोण्याऐवजी तूप चालेल का?

कोकणातली_मावशी
चालेल गो, पण तूप कमी घाल, दीड चमचा बस. तुपाने जास्त खुसखुशीत होतात आणि उचलताना तुटतात. जरा जाड लाट.